ससाणे यांच्या माळावरील प्लेगचा दवाखाना (इ. स. १८९७)

सोलापुराहून पुण्यास जाणारा हमरस्ता पुण्यांत शिरण्यापूर्वीं हडपसर गांवावरून जातो. आज त्या ठिकाणीं कारखाने, बाजार व उंच इमारती यांची एवढी दाटी झाली आहे कीं, एके काळीं येथें उघडे माळ व मळे होते हें कोणी सांगितल्याखेरीज कळावयाचें नाहीं. याच परिसरांत ससाणे कुटुंबाच्या माळावर इ. स. १८९७ च्या प्रारंभीं प्लेगच्या रोग्यांकरितां एक दवाखाना चालला होता. तेथें औषधोपचार करणारे डॉ. यशवंतराव फुले, व रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई. सावित्रीबाईंचें नांव महाराष्ट्रांत आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु त्या दवाखान्याचा दवाखाना म्हणून विचार फारसा झालेला नाहीं. त्यांच्या चरित्राचें शेवटचें पान म्हणून तो सांगितला जातो, आणि पान उलटलें कीं विसरला जातो.

प्रस्तुत लेखांत दोन गोष्टी दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. पहिली अशी कीं, हा दवाखाना रँडसाहेबाच्या शिपायांच्या जुलमाला उत्तर म्हणून निघाला, असें जें वारंवार बोललें जातें तें तारखांशीं जुळत नाहीं. दुसरी अशी कीं, या दवाखान्याचें खरें महत्त्व चिकित्सेच्या ज्या अंगांत आहे, तें अंग आपल्या वैद्यकग्रंथांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें; इतिहासानें व कायद्यानें मात्र त्याची दीर्घकाळ उपेक्षा केली.

१

प्लेगची ही साथ केवळ पुण्याची किंवा मुंबईची नव्हती. चीनच्या दक्षिण भागांतून ती इ. स. १८९४ मध्यें हाँगकाँग बंदरांत आली. तेथेंच त्या वर्षीं येर्सिन या संशोधकानें या रोगाचा जंतु शोधून काढला. त्याच सुमारास जपानी संशोधक किटासाटो यानेंही तेथें तोच शोध चालविला होता. पुढें व्यापारी जहाजांच्या मार्गानें ती जगभर पसरली. मुंबईंत इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांतील रोग्यांस तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं हा गांठीचा प्लेगच आहे असें निदान केलें. धान्याच्या वखारी, घुशी-उंदीर, दाट चाळी व माणसांची धांवपळ या सर्वांनीं रोगाला वाट करून दिली. मुंबईहून माणसें पळालीं तीं रेल्वेनें पळालीं, आणि त्यांच्या गांठोड्यांबरोबर रोगही निघाला.

पुण्यांत इ. स. १८९७ च्या आरंभीं साथीनें जोर धरला. आमच्या सोलापुरास १८६० सालीं रेल्वे आली होती व १८७७ सालीं पहिली सूतगिरणी निघाली होती. मुंबईशीं सूत, कापड व मजूर यांची अखंड ये-जा होती. त्यामुळें पुढें सोलापूरही सुटलें नाहीं. प्लेग आला कीं गांव मोकळें करून माळावर झोंपड्या घालून राहावयाचें, आणि उंदीर पडूं लागले कीं निघण्याची तयारी करावयाची, ही रीत या बाजूच्या वृद्ध माणसांच्या तोंडून आम्हीं लहानपणीं ऐकली आहे. ज्या पिढीनें ती पाहिली ती आतां राहिली नाहीं.

त्या काळीं रोगाविषयीं काय ठाऊक होतें, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. जंतु सांपडला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोंचतो हें कोणासच माहीत नव्हतें. उंदरावरील पिसवेमार्फत हा रोग पसरतो हें प्रतिपादन फ्रेंच वैद्य सिमाँ यानें १८९८ सालीं केलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. हाफकिन यांनीं आपली प्रतिबंधक लस मुंबईंत १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. म्हणजे ज्या दिवसांविषयीं आपण बोलत आहों त्या दिवसांत ती नुकतीच जन्मास आली होती. जंतूचा नाश करणारें स्ट्रेप्टोमायसिनसारखें औषध निघावयास अजून जवळजवळ अर्धें शतक अवकाश होता. गांठीवर पोटीस, गांठ पिकल्यास चीर, तापावर थंड पाण्याच्या घड्या आणि पोटांत दूध किंवा पेज, एवढीच तेव्हांची सर्वसाधारण चिकित्सा. निम्म्याहून अधिक रोगी दगावत.

२

आतां तारखांचा क्रम पाहूं. साथीच्या रोगांचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं अंमलांत आला. पुण्यांतील बंदोबस्ताकरितां सनदी नोकर वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालीं खास समिति नेमण्यांत आली. लष्कराच्या शिपायांची नेमणूक १२ मार्चच्या रात्रीपासून झाली व १३ मार्चपासून घरोघर झडत्या सुरू झाल्या. सुमारें नऊशें अधिकारी व शिपाई या कामावर होते आणि हें काम १९ मेपर्यंत चाललें. स्वयंपाकघरांत व देवघरांत बूट घालून शिरणें, स्त्रियांची उघड्यावर तपासणी, सामानाची जाळपोळ, निरोगी माणसांस विलग छावणींत नेणें, या तक्रारी ज्या केसरी, सुधारक इत्यादि पत्रांत आल्या त्या या दोन महिन्यांतील होत. २२ जूनच्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली, तीही याच दोन महिन्यांची परिणति.

सावित्रीबाई प्लेगनें निवर्तल्या त्या १० मार्च १८९७ रोजीं, रात्रीं नऊच्या सुमारास. म्हणजे शिपाई पुण्याच्या गल्ल्यांत शिरण्यापूर्वीं दोन दिवस त्यांची प्राणज्योत मालवली होती, आणि दवाखाना त्याच्याही आधीं सुरू झालेला होता. तेव्हां तो लष्करी झडत्यांच्या विरोधांत निघाला हें म्हणणें टिकूं शकत नाहीं.

यावर कोणी असें म्हणेल कीं, कायदा फेब्रुवारींतच झाला होता, रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी होत होती, विलगीकरणाची भीति लोकांत पसरलेली होती. तेव्हां सरकारी सक्तीची छाया तेथेंही होतीच. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु छाया वेगळी आणि प्रसंग वेगळा. सावित्रीबाईंच्या वेळचा मुख्य प्रसंग शिपायाचा नव्हता, शेजाऱ्याचा होता. गांठ दिसली कीं शेजारी दूर सरत, सोयरे दार लावून घेत, ज्यांना शक्य त्यांनीं शहर सोडलें होतें. ज्यांना गाडीभाडें नव्हतें, परगांवीं घर नव्हतें आणि ज्यांना स्पर्श करणें एरव्हींही निषिद्ध मानलें जाई, ते मागें राहिले. हा दवाखाना या मागें राहिलेल्यांसाठीं होता. सरकारशीं झगडा म्हणून तो सांगितला तर कथेस रंग चढतो हें खरें. पण समाजानें आपल्याच माणसांस टाकलें, ही अवघड जागा मग झांकली जाते. इतिहासकारानें ती झांकूं नये.

३

दवाखान्याची माणसें एकदम उगवलीं नव्हतीं. जोतीराव फुले यांनीं १८६३ सालीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवांनीं तेथें गुप्तपणें येऊन बाळंत व्हावें व मूल सुखरूप ठेवून जावें अशी ती व्यवस्था. सावित्रीबाईंनीं त्या बाळंतिणींची शुश्रूषा केली. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या पोटीं यशवंत जन्मले, इ. स. १८७४ मध्यें फुले दांपत्यानें त्यांस दत्तक घेतलें. आमच्या जिल्ह्यांत पंढरपुरासही प्रार्थनासमाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनीं १८७५ सालीं याच हेतूचें गृह स्थापिलें, तेव्हां या कामाची गरज किती व्यापक होती हें दिसून येतें. पुढें १८७६–७७ च्या दुष्काळांत सावित्रीबाईंनीं जुन्नर भागांत फिरून अन्नछत्रांचें काम पाहिलें. ओतूरहून जोतीरावांस लिहिलेलें त्यांचें पत्र प्रसिद्ध आहे. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजीं वारले, तेव्हां दत्तक पुत्राच्या अधिकारावरून भाऊबंदांनीं वाद काढला. त्या वेळीं टिटवें हातीं घेऊन सावित्रीबाई स्वतः अंत्ययात्रेपुढें चालल्या. तोच दत्तक पुत्र डॉक्टर झाला व लष्करी नोकरींत गेला.

प्लेग आला तेव्हां सावित्रीबाईंचें वय सहासष्ट वर्षांचें होतें. त्यांनीं यशवंतरावांस बोलावून घेतलें, ते रजा काढून आले, आणि हडपसरच्या बाजूस ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू झाला. ससाणे हें यशवंतरावांच्या सासुरवाडीचें कुटुंब. म्हणजे जागा सोयऱ्यांची, डॉक्टर घरचा, आणि शुश्रूषा आईची, अशी ही संस्था होती. वस्तीबाहेरील मोकळा माळ निवडण्यांत शहाणपणही होतें. दाट वस्तींतील उंदरांपासून रोगी दूर नेणें हेंच तेव्हां साधण्यासारखें होतें, जरी त्याचें कारण कोणास नीट सांगतां आलें नसतें.

या दवाखान्यांतील एका रोग्याचें नांव परंपरेनें जपलें आहे. मुंढव्याच्या महारवाड्यांतील बाबाजी गायकवाड यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा पांडुरंग यास गांठ आली असें कळतांच सावित्रीबाई तेथें गेल्या, आणि त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यांत आल्या, असें सांगतात. मुलगा वांचला, सावित्रीबाईंस लागण झाली व त्यांतच त्यांचा अंत झाला. रोग त्यांच्या अंगीं नेमका कोणत्या क्षणीं शिरला, हा प्रश्न आजच्या ज्ञानाच्या उजेडांत विचारणें व्यर्थ आहे. माळावर येणाऱ्या प्रत्येक रोग्याच्या कपड्यांतून पिसवा येत असणारच. पांडुरंगास उचललें नसतें तर त्या वांचल्या असत्या असें म्हणतां येत नाहीं. ज्या कामांत त्या होत्या त्या कामाची ती किंमत होती, आणि ती ठाऊक असूनही त्या काम करीत होत्या.

यशवंतराव पुढें नोकरीवर गेले, इ. स. १९०५–०६ च्या सुमारास पुण्यांत पुन्हा प्लेग उसळला तेव्हां रोग्यांच्या सेवेंतच त्यांचाही मृत्यु झाला, असें चरित्रकार सांगतात. सत्यशोधक चळवळीचे दुसरे पुढारी, मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे हेही प्लेगपीडितांत काम करीत असतां ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं प्लेगनेंच वारले. त्यांच्या व सावित्रीबाईंच्या मृत्यूंत केवळ एक महिन्याचें अंतर आहे.

४

आतां चिकित्सेच्या अंगाविषयीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंस या विषयास वाहिलेला आहे. पांचाल देशांत कांपिल्य नगराजवळ गंगेच्या तीरीं फिरत असतां पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात कीं, देश उद्ध्वस्त होण्याचीं चिन्हें दिसत आहेत, तरी ओषधींचा रस नष्ट होण्यापूर्वींच त्या गोळा करून ठेवाव्या. माणसांच्या प्रकृति, आहार व वयें भिन्न असतांना एकाच रोगानें एकाच वेळीं सर्वांचा संहार कां व्हावा, हा शिष्याचा प्रश्न. आणि वायु, उदक, देश व काल या चार गोष्टी सर्वांस समान असून त्या बिघडल्या म्हणजे सर्वच ग्रासले जातात, हें गुरूचें उत्तर. साथ ही एकट्या रोग्याची व्याधि नव्हे, ती जनपदाची व्याधि आहे, ही दृष्टि या संवादांत स्पष्ट आहे.

याच ग्रंथाच्या सूत्रस्थानांत नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून शुश्रूषा करणारा. त्याच्या अंगीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयीं अनुराग, आणि शुचिता हे चार गुण असावे असें ग्रंथकार म्हणतो. चौघांत वैद्यच प्रधान, असेंही तो पुढें सांगतो, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु १८९७ च्या प्लेगांत द्रव्य हा पाद लंगडा होता, आणि द्रव्यावांचून वैद्याचाही अर्धा अधिकार जातो. अशा वेळीं चिकित्सेचा भार कोणावर पडला? उपस्थात्यावर. रोग्यास पाणी पाजणें, घाण काढणें, घड्या बदलणें, भ्रमांत उठून पळणाऱ्यास धरून निजविणें, आणि तो एकटा नाहीं हें त्यास कळूं देणें, याखेरीज देण्यासारखें दुसरें फारसें कोणाजवळ कांहीं नव्हतें.

आणि ज्ञान, दक्षता व शुचिता हे तीन गुण शिकवितां येतात, पगार देऊन मिळवितांही येतात. अनुराग हा गुण हुकुमानें मिळत नाहीं. रँडच्या समितीजवळ मनुष्यबळ, पैसा, जागा व कायदा हीं सर्व होतीं. तरी पुण्यांत लोक रोगी लपवीत, प्रसंगीं प्रेतही लपवीत. कारण रोगी सांपडला कीं घर उघडें पडावयाचें. टिळकांच्या पुढाकारानें निघालेल्या हिंदु प्लेग रुग्णालयास लोक आपण होऊन रोगी आणूं लागले, कारण तेथें माणूस आपला वाटे. मुंबईंतही निरनिराळ्या जातींनीं आपापलीं रुग्णालयें काढलीं व त्यांचा उपयोग झाला. या सर्वांचें श्रेय कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण “आपला” या शब्दाची मर्यादा तेथें जातीच्या किंवा धर्माच्या कुंपणापर्यंत होती. ससाणे यांच्या माळावरील दवाखान्याचें वेगळेपण असें कीं, त्याच्या स्मृतींत राहिलेला एकुलता रोगी हा महारवाड्यांतील आहे, आणि त्याला आणणारे हात हे त्या वाड्याबाहेरचे आहेत. झडतीनें नेलेला रोगी आणि पाठीवर आणलेला रोगी, यांत त्या वर्षाचा सगळा इतिहास सांठविलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

५

१८९७ चा कायदा अगदीं आटोपशीर, अवघ्या चार कलमांचा होता. त्यानें सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार दिला, नियम मोडणाऱ्यास शिक्षा सांगितली, आणि शेवटच्या कलमांत, सद्बुद्धीनें काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाहीं असें संरक्षण दिलें. रोग्याचा हक्क किंवा शुश्रूषा करणाऱ्याची सुरक्षितता यांविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें.

हाच कायदा महाराष्ट्रांत १३ मार्च २०२० पासून कोविडच्या साथीकरितां पुन्हा लागू करण्यांत आला. सोलापुरांत पहिला रोगी एप्रिल २०२० मध्यें आढळला, आणि पाहतां पाहतां दाट वस्तीच्या पेठा बांबूंनीं बंद झाल्या. यंत्रमाग थांबले, विड्या वळणाऱ्या बायांचे हात रिकामे झाले. त्या दिवसांत रोग्यापाशीं ना मुलगा जाऊं शके ना पत्नी. द्रव्य पुन्हा लंगडें होतें; वैद्य पुष्कळ, पण खात्रीचें औषध नव्हतें. रोग्याच्या उशाशीं जें माणूस उभें होतें तें म्हणजे परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार. डोक्यापासून पायापर्यंत आवरणांत गुंडाळलेल्या त्या माणसाचा चेहरा रोग्यास दिसतही नसे. घरीं परतल्यावर त्याच माणसास घर सोडावयास सांगणारे शेजारी देशभर निघाले, हेंही आपण वर्तमानपत्रांत वाचलें. सव्वाशें वर्षांनीं शेजारी पुन्हा एकदां दूर सरला होता.

तथापि एक फरक पडला. २२ एप्रिल २०२० रोजीं निघालेल्या वटहुकुमानें व त्याच वर्षीं सप्टेंबरांत झालेल्या दुरुस्तीनें या जुन्या कायद्यांत आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांस शिक्षेची तरतूद आली. गंभीर दुखापत केल्यास ती सात वर्षांपर्यंत आहे. अधिकाऱ्याचें संरक्षण करणाऱ्या कायद्यानें उपस्थात्याचेंही संरक्षण करावें, याला एकशें तेवीस वर्षें लागलीं. चरकाचा तिसरा पाद अशा रीतीनें उशिरा कां होईना, कायद्याच्या दृष्टीस पडला.

इतिहासाच्या दृष्टीस तो पडला आहे काय? सोलापूरकरांस डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा योग्य अभिमान आहे. चीनमधील युद्धांत जखमी सैनिकांची सेवा करीत १९४२ सालीं त्यांनीं देह ठेविला व शहरांत त्यांचें स्मारक आहे. परंतु त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान यांनीं त्याच रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण दिलें, हें सोलापुरांतील कितीजणांस ठाऊक असेल? वैद्याचें नांव फलकावर येतें, अधिकाऱ्याचें नांव अहवालांत येतें, उपस्थात्याचें नांव एखाद्या कुटुंबाच्या आठवणींत राहिलें तर राहतें. पांडुरंग वांचला नसता, तर कदाचित् मुंढव्याची ती वाट कोणास सांगतांही आली नसती.

म्हणून वाचकांस आमची एक विनंती आहे. पुणें-सोलापूर रस्त्यावरील ज्या जुन्या घराण्यांत प्लेगच्या वेळच्या वह्या, पत्रें, टोंचल्याचे दाखले किंवा माळावरील झोंपड्यांचे हिशेब असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे अवश्य पाठवाव्या. आणि त्याहूनही अधिक निकडीची गोष्ट अशी कीं, २०२० व २०२१ सालीं सोलापूर शहरांत व तालुक्यांत ज्यांनीं रोग्यांची सेवा केली, त्या परिचारिका, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकांचे चालक व स्मशानांतील कामगार आज आपल्यामध्यें आहेत. पाळीचे तक्ते, रोजनिशा, भ्रमणध्वनीवरील निरोप त्यांच्यापाशीं अजून असतील. थोड्याच वर्षांत नसतील. हीं साधनें आतांच लिहून, उतरून, सांभाळून ठेवावीं. १८९७ च्या माळावर ज्यांनीं घड्या बदलल्या त्यांतील एका स्त्रीचें नांव आपणांस मिळालें, तें ती सावित्रीबाई होती म्हणून. पुढील शंभर वर्षांनीं लिहिणाऱ्यास एवढ्या एका नांवावर भागवावें लागूं नये.